जुना पार्सर नवा करताना: कराडच्या प्रश्नाला सांगलीतनं उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आधी माझ्या शब्दात परत मांडतो, मी काही चुकीचं समजलो असेन तर तिथंच अडवा. तुम्ही कराडला असता, दूध संकलन केंद्रावरच्या मशीनमधनं जी टेक्स्ट फाइल पडते (तारीख, शिफ्ट, सभासद कोड, गाय का म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) ती वाचून तिचे तुकडे पाडणारा पार्सर, पायथन भाषेतली एक लायब्ररी म्हणून तुम्ही चार-पाच वर्षांपूर्वी लिहिला, आणि आता तो तीन सॉफ्टवेअरवाले आपापल्या प्रोग्राममधे वापरतात ज्यांच्यामागं साठेक केंद्रं आहेत. तीन बदल करायचेत. प्रत्येक ओळीची साधी लिस्ट परत जाते, त्याऐवजी नावं असलेला ऑब्जेक्ट द्यायचाय. फॅटची जागा रिकामी असली की सध्या शून्य येतो, तिथं नन (None, पायथनची 'किंमतच नाही' अशी खूण) यायला पाहिजे. आणि तारीख अंदाजानं वाचली जाते, ती पक्की दिवस-महिना-वर्ष करायचीये. तुमचा प्रश्न असा की सरळ २.० हे नवं व्हर्जन काढून मोकळं व्हावं का, ज्याला जुनं पाहिजे तो १ च्या मालिकेवर राहील.

काढा की २.०, त्याला कुणाची ना नाही. पण २.० ही नुसती पाटी आहे. सिमँटिक व्हर्जनिंगचा, म्हणजे व्हर्जनला आकडे कसे द्यायचे त्याचा, नियम एवढंच सांगतो की जुनं मोडणारा बदल असेल तर पहिला आकडा वाढवा. मोडलेलं कोण, कधी आणि कसं बघणार ते काही तो नियम सांगत नाही. रस्ता खणला आणि पाटी लावली, पण रात्री दिव्याशिवाय येणाऱ्याला ती दिसत नाही, तसलंच हे.

मी सांगलीत बसून गेली बरीच वर्षं असलीच कामं करतोय, वजनकाट्याच्या फाइली, मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्याच्या फाइली, दुधाच्या तर कितीतरी. त्यातनं एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीये: पार्सरच्या बाबतीत वापरणाऱ्याशी तुमचा करार फंक्शनच्या नावात किंवा पॅरामीटरमधे नसतो, तो बाहेर पडणाऱ्या किमतीत असतो. नाव बदललंत तर प्रोग्राम पहिल्याच मिनिटाला बोंबलतो, माणूस शिव्या देतो, दुरुस्त करतो, संपलं. किंमत बदललीत तर काहीच होत नाही, सगळं मस्त चालतं, आणि दहा दिवसांनी बिल निघतं तेव्हा कुणाच्या तरी खात्यावर चार रुपये कमी येतात.

माझ्यावर हे प्रत्यक्ष येऊन गेलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपणार होता, त्याच्या आधी आम्ही आमचा दुधाचा पार्सर पायथन ३ वर नेला. टेस्ट होत्या, सगळ्या पास झाल्या, आम्ही व्हर्जनचा शेवटचा आकडा एकनं वाढवून सोडून दिला कारण आमच्या दृष्टीनं काही बदललंच नव्हतं. पंधरा-वीस दिवसांनी एका गावच्या दूध संस्थेच्या सचिवांचा फोन. वयस्कर माणूस, कॉम्प्युटरवर बिल निघत असलं तरी शेजारी वही ठेवणारे. म्हणाले, "साहेब, मशीन म्हशीचं फॅट ६.२५ दाखवतंय, तुमचं सॉफ्टवेअर आजपर्यंत ६.३ चा दर लावायचं, आता ६.२ चा लावतंय. काय बदललंय का तुम्ही?" मी छातीठोकपणे सांगितलं, काही नाही. मग वहीच्या पानांचे फोटो आले.

झालं होतं असं की मशीन दोन दशांश स्थळं देतं, दरपत्रक एका स्थळाचं, मधे आम्ही राउंड फंक्शन वापरलेलं. पायथन २ मधे बरोब्बर मधोमध असलेला आकडा वर जायचा, पायथन ३ मधे तो जवळच्या सम अंकाकडं जातो, त्यामुळं ६.२५ चा ६.२ होतो. आता गंमत बघा, हे प्रत्येक पाचाच्या शेवटाला होत नाही. ६.३५ हा आकडा बायनरीत नेमका मावत नाही, तो आत ६.३४९९९... असाच साठवला जातो, म्हणून तो दोन्हीकडं ६.३ च होतो. नेमके मावणारे शेवट दोनच, .२५ आणि .७५. त्यातला .७५ तसाही दोन्हीकडं वरच जातो कारण आठ सम आहे. म्हणजे शंभर शेवटांपैकी फक्त एक, .२५, एवढाच बदलला. आमच्या टेस्टमधे चाळीस रीडिंग होती आणि त्यात एकही .२५ नव्हतं.

खरा धडा त्याच्यापुढं आहे. मी म्हटलं आता एकदाचं नीटच करतो, डेसिमल (दशांश आकडे नेमके धरणारा पायथनचा प्रकार) वापरून, अर्धा असला की वर, शाळेत शिकवतात तसं. आणि सोडायच्या आधी, नशीब, सचिवांना विचारलं की ६.३५ ला तुम्ही वहीत काय लावता? ते म्हणाले, "खरं तर ६.४ पाहिजे. पण तुमचं सॉफ्टवेअर ६.३ लावतंय हे आम्हाला पहिल्यापासनं माहितीये, सभासदांना तसंच सांगितलंय, वहीत पण आता तसंच लिहितो." म्हणजे मी 'बरोबर' दुरुस्ती केली असती तर .२५ जागेवर आलं असतं आणि .३५ सारखे कित्येक शेवट नव्यानं हलले असते, आणि एका महिन्यात दुसऱ्यांदा बिलं बदलली असती.

गूगलमधे काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावानं एक नियम सांगतात, की वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही कबूल केलेलं असो नसो, तुमच्या सॉफ्टवेअरची प्रत्येक सवय कुणी ना कुणी गृहीत धरून चाललेलं असतं. तो मी त्या वहीत बघितला. शेवटी आम्ही जुनी चूक जशीच्या तशी परत आणली, मुद्दाम. डेसिमल हा स्ट्रिंगवरनं, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरनं थेट, बनवला तर ६.३५ चा ६.४ होतो, पण आधी फ्लोट (बायनरीत साठवलेला आकडा) करून त्या फ्लोटवरनं बनवला तर आतलं ६.३४९९९... तसंच येतं आणि ६.३ होतो, आणि ६.२५ मात्र वर जातो. हुबेहूब पायथन २. वर कॉमेंट टाकली की ही ओळ चुकीची आहे आणि ती तशीच राहायला पाहिजे. योग्य राउंडिंग वेगळ्या नावाच्या पर्यायात दिलं, ज्याला पाहिजे त्यानं संस्थेच्या सभेत ठरवून चालू करावं.

आता तुमच्या तीन बदलांकडं याच नजरेनं बघू, कारण तुम्ही ते एका पंगतीत बसवलेत आणि ते एका जातीचे नाहीत.

लिस्टचा ऑब्जेक्ट करणं हा दिसायला सगळ्यात मोठा बदल, पण सगळ्यात कमी धोक्याचा, कारण मोडला तर आवाज करून मोडतो. आणि तो न मोडता पण करता येतो. लोक नेमड-टपल (घरांना नावं असलेली, पण एकदा बनली की न बदलणारी यादी) सुचवतील, म्हणजे ओळीतलं सहावं घर नंबरानं पण मिळतं आणि फॅट या नावानं पण मिळतं. चांगलंय, पण तुमचं जुनं लिस्ट आहे, टपल नाही. कुणीतरी त्या लिस्टमधे जागेवर दर घालत असणार, कुणी शेवटी रक्कम जोडत असणार, टपलला हे दोन्ही चालत नाही. म्हणून मी लिस्टचाच सबक्लास (लिस्टचं सगळं घेऊन वर भर घालणारा प्रकार) करतो आणि नावं प्रॉपर्टी म्हणून वर चढवतो. दिसायला गबाळं आहे, कॉलेजात दाखवलं तर मार्क कापतील, पण जुना कोड जिथल्या तिथं चालतो. फक्त एक पाळा, या लिस्टची लांबी वाढवू नका. सात घरांची लिस्ट सात नावांत उलगडून घेणारा कोड कुठंतरी असतोच, आठवं घर शेवटी जोडलं तरी तो पडतो. नवी माहिती द्यायची तर फक्त नावानं द्या.

रिकाम्या फॅटचा बदल अर्धा आवाज करतो, अर्धा गप्प बसतो, म्हणून तो जास्त वाईट. जिथं बेरीज-गुणाकार आहे तिथं नन आला की टाइप एरर येतो, बरं होतं. जिथं 'फॅट नसेल तर' असं तपासलंय तिथं शून्य आणि नन दोन्ही सारखेच वागतात, ते पण बरं. पण डेटाबेसमधे गेल्यावर बघा काय होतं: शून्य सरासरीत धरला जातो, नल (ननचं डेटाबेसमधलं रूप) धरलाच जात नाही. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतलं अॅव्हरेज फंक्शन नल सोडून देतं. म्हणजे ज्या केंद्रानं महिन्याची सरासरी फॅट काढलीये तिचा आकडा तुमच्या बदलानंतर वर जाणार, एकही एरर न येता. नवा आकडाच बरोबर आहे हे मान्य, पण चिलिंग सेंटरला कळवलेला मागच्या महिन्याचा आकडा आणि या महिन्याचा आकडा यात जो खड्डा दिसेल त्याचं उत्तर कोण देणार?

तारखेचा बदल मात्र पूर्ण मुका. ०५/०३ ही ५ मार्च का ३ मे, दोन्ही खऱ्या तारखा आहेत, कुठलाच एरर येणार नाही. अंदाजानं वाचणाऱ्या कोडची खोड अशी की १३/०३ आली की महिना तेरा होऊ शकत नाही म्हणून तो आपसूक दिवस-महिना धरतो, त्यामुळं एकाच फाइलमधे पहिले बारा दिवस उलटे आणि पुढचे सुलटे असला प्रकार होतो. हे तुमच्याकडंच होतंय असं नाही. पांडाज ही तक्त्यातला डेटा हाताळणारी इतकी नावाजलेली पायथन लायब्ररी, तीसुद्धा २.० च्या आधी ओळीओळीला असाच अंदाज करायची. २०२३ च्या २.० मधे त्यांनी ठरवलं की पहिल्या किमतीवरनं फॉरमॅट ओळखायचा आणि सगळ्यांना तोच लावायचा, न बसणारी ओळ आली तर एरर द्यायचा. आकडा गुपचूप बदलण्यापेक्षा ओरडणं परवडलं, हा त्यातला भाग उचलण्यासारखा.

मोडायचंच असेल तर कसं मोडायचं याचं मला आवडणारं उदाहरण पायवायएमएलचं, म्हणजे यामल फॉरमॅटच्या फाइली वाचणाऱ्या पायथन लायब्ररीचं आहे. त्यातलं लोड फंक्शन धोकादायक होतं, बाहेरनं आलेल्या फाइलमधनं नको तो कोड चालू शकायचा. २०१८ मधे ४.१ व्हर्जनला त्यांनी एका फटक्यात लोडचा अर्थच बदलून सुरक्षित केला. हेतू शंभर टक्के चांगला, पण लोकांचे प्रोग्राम इतके पडले की ते व्हर्जन मागं घ्यावं लागलं. मग २०१९ मधे ५.१ आलं, त्यात जुनी हाक चालू ठेवली, आतला लोडर (फाइल किती मोकळीक देऊन वाचायची ते ठरवणारा भाग) जरा सुरक्षित केला, पण लोडर कुठला ते सांगितलं नसेल तर वॉर्निंग. आणि २०२१ मधे ६.० ला लोडर सांगणं सक्तीचं केलं, नाही सांगितलं तर प्रोग्राम तिथंच थांबतो. यात बघायचं ते असं की शेवटी लोड या नावाचा अर्थ कधीच गुपचूप बदलला नाही. सुरक्षित वाचनासाठी वेगळ्या नावाचं फंक्शन आधीपासनंच होतं, आणि जुन्या नावाला विचारलं तर ते म्हणतं, आधी तुला काय पाहिजे ते सांग.

तुमच्या जागी मी हेच करेन. जुनं फंक्शन जुन्या नावानं, जुन्या चुकांसकट, तसंच. नवं फंक्शन नव्या नावानं: नन, पक्की तारीख, ऑब्जेक्ट, सगळं स्वच्छ. जुन्याला 'तारीख कशी वाचायची' असा एक पॅरामीटर द्या, न दिला तर जुनंच वागणं. आणि हा पॅरामीटर फक्त नावानंच देता येईल असा ठेवा, फंक्शनच्या व्याख्येत मधे एक तारा टाकला की झालं. नाहीतर लोक तो चौथ्या जागेवर नुसता देतात आणि मग पुढं तुम्हाला पॅरामीटरचा क्रम पण हलवता येत नाही.

इथं एक गोष्ट तुमच्या कोडवर अवलंबून आहे आणि ती मला हितनं दिसत नाही. जुनं फंक्शन हे नव्या गाभ्यावरचं पातळ आवरण करायचं, का जुन्या कोडची अख्खी प्रत वेगळ्या मॉड्यूलमधे गोठवून ठेवायची? जुन्या खोडी जर शेवटच्या टप्प्यावर असतील, म्हणजे रिकाम्याचं शून्य करणं वगैरे, तर आवरण चांगलं, कारण दुरुस्त्या एकाच जागी होतात. खोडी जर ओळ तोडण्यातच गुंतलेल्या असतील, कॉमा कुठं धरला, अवतरण चिन्ह कसं गिळलं, अर्धी ओळ आली तर काय केलं, तर त्या नव्या गाभ्यावर परत उठवायला जाऊ नका, वेडे व्हाल. सरळ प्रत गोठवा. मी एका प्रकल्पात अशी प्रत वर्षभर ठेवली होती, लाज वाटायची पण झोप लागायची.

आणि जावावाल्यांचं एक शहाणपण इथंच सांगतो. जॅक्सन ही जेसन (डेटा टेक्स्टमधे लिहायची एक पद्धत) वाचणारी लायब्ररी १ वरनं २ वर गेली तेव्हा त्यांनी पॅकेजचं नावच बदललं, त्यामुळं एकाच प्रोग्राममधे दोन्ही शेजारी शेजारी राहू शकतात. पायथनमधे एका एन्व्हायर्नमेंटला, म्हणजे लायब्रऱ्या बसवायच्या एका जागेत, एकाच नावाची दोन व्हर्जन बसत नाहीत. 'ज्याला जुनं पाहिजे तो १ वर राहील' हे तुमचं वाक्य तिथंच अडखळतं: त्या तिघांपैकी एकाला तुमचा नवा तारीख-वाचक पाहिजे असेल आणि जुनं लिस्टचं वागणं पण पाहिजे असेल, तर तो कुठं राहणार?

बरं, हे सगळं व्हायच्या आधीचं काम, जे कुणाला करायला आवडत नाही. कोडला हात लावण्याआधी फाइली गोळा करा. खऱ्या, केंद्रावरच्या, किमान प्रत्येक मशीनच्या मॉडेलच्या काही, आणि मुद्दाम घाण असलेल्या: लाइट गेल्यावर अर्धवट पडलेली, एक्सेलमधे उघडून सेव्ह केलेली, दोन शिफ्ट एकात मिसळलेली. सभासदांची नावं असतील तर ती बदलून घ्या. मग आत्ताचं व्हर्जन या सगळ्या फाइलींवर चालवा आणि जे बाहेर येतं ते, चूक असो बरोबर असो, जसंच्या तसं जपून ठेवा. किमतीचा प्रकार पण लिहा, म्हणजे ७ हा अंक आहे का '००७' ही स्ट्रिंग आहे ते कळायला पाहिजे. नवं व्हर्जन त्याच फाइलींवर चालवायचं आणि फरक बघायचा. प्रत्येक फरकापुढं एक ओळ लिहिता आली पाहिजे की हा मी मुद्दाम केला. लिहिता येत नसेल तर थांबा.

एक्सेलचं नाव काढलंच आहे तर, त्या एका गोष्टीनं जेवढे फोन आलेत तेवढे दुसऱ्या कशानं नाहीत. सभासद कोड ००४५ चा ४५ करून ठेवतं, आणि सीएसव्ही (कॉमानं तोडलेली टेक्स्ट फाइल) यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलं की फाइलच्या तोंडाशी बीओएम नावाचं न दिसणारं अक्षर चिकटवतं, मग पहिल्या रकान्याचं नाव 'तारीख' असूनसुद्धा 'तारीख' सापडत नाही. पायथनमधे यूटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग लावून उघडा, बीओएम असला तरी चालतो नसला तरी चालतो. हा बदल मी निर्धास्त किरकोळ व्हर्जनमधे करेन. तरीही एकाच्या कोडमधे ते अक्षर हातानं कापणारी ओळ निघाली होती, पहिलं अक्षर डोळे झाकून कापायची, बीओएम गेल्यावर तिनं 'तारीख' चं 'ारीख' केलं. सांगायचं एवढंच की निर्धास्त असं काही नसतं.

अजून एक आपल्याकडची गोष्ट. तुम्ही पुढं वेगासाठी गाभा दुसऱ्या भाषेत लिहायचं म्हणताय. लिहा, पण तपासा की कुठल्या केंद्राच्या फाइलीत मराठी अंक येतात का. पायथन ३ चं इंट फंक्शन '१२' हे देवनागरीत दिलं तरी बारा समजतं, रेगेक्समधलं (मजकुरात नमुना शोधायच्या भाषेतलं) अंकाचं चिन्ह पण मराठी अंक धरतं. तुम्ही हे कधी ठरवलेलं नसणार, फुकटात मिळालेलं आहे. जावास्क्रिप्टमधे तेच '१२' नंबर करायला गेलं की नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही', येतं. म्हणजे कुठं न लिहिलेली एक सोय जाईल आणि ती वापरणारा एखादाच असेल, तो पण लांबच्या वाडीवरचा.

एररबद्दल थोडक्यात. जुना पार्सर व्हॅल्यू एरर देत असेल आणि नव्यात तुम्हाला स्वतःचा एरर पाहिजे असेल तर तो व्हॅल्यू एररचाच सबक्लास करा, जुने पकडणारे पकडत राहतील. एररमधलं वाक्य पण शक्यतो बदलू नका, कुणीतरी त्यातला 'चुकीची ओळ' हा शब्द शोधून पुढचं ठरवत असतो, मी स्वतः हे केलेलं आहे दुसऱ्याच्या लायब्ररीशी. आणि जे आधी नाकारलं जात होतं ते आता स्वीकारणं हा पण बदलच आहे. लोकांना वाटतं ढील दिली तर काय मोडतंय, पण एका ठिकाणी अर्धवट फाइल नाकारली गेली की ऑपरेटर ती परत काढायचा, ढील दिल्यावर अर्धीच फाइल गुपचूप आत गेली आणि संध्याकाळच्या शिफ्टची निम्मी माणसं बिलातनं गायब.

आता वॉर्निंग. पायथनचं डेप्रिकेशन वॉर्निंग ('हे जुनं झालं, पुढं जाणार' अशी सूचना) हे मुख्य स्क्रिप्ट सोडून बाकी ठिकाणी बाय डिफॉल्ट दिसतच नाही, त्यामुळं ते टाकून तुम्ही फक्त स्वतःचं समाधान करता. फ्यूचर वॉर्निंग वापरा, ते दिसतं. आणि त्यात स्टॅकलेव्हल दोन द्या, म्हणजे तुमच्या लायब्ररीतल्या ओळीऐवजी त्यांच्या कोडमधली ओळ दाखवली जाते, नाहीतर माणूस म्हणतो हे काय माझं नाही. पण खरं सांगू का, केंद्रावर हे सॉफ्टवेअर विंडोजवर एक्सई म्हणून चालतं, काळी खिडकी पण दिसत नाही, वॉर्निंग वाचणार कोण? तुमचे वापरणारे तीन आहेत. जगभर लाखो लोक वापरत असते तर वॉर्निंगशिवाय इलाज नव्हता, तिघांना फोन करता येतो. गाडी काढून एकदा त्यांच्याकडं जाऊन या, त्यांच्या कोडमधे तुमचं फंक्शन कुठं कुठं वापरलंय ते त्यांच्या शेजारी बसून बघा. दोन तासात जे कळेल ते टेस्टमधनं कळणार नाही. आणि तिघांनीही रिक्वायरमेंट्समधे (लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत) तुमच्या लायब्ररीचं व्हर्जन बांधून ठेवलंय का ते तेव्हाच तपासा. 'याच्यापेक्षा मोठं काहीही चालेल' असं लिहिलेलं असेल तर २.० ची पाटी लावूनसुद्धा पुढच्या इन्स्टॉलला ते त्यांच्या डोक्यावर पडणारच.

आत्तापर्यंतचा क्रम असा झाला: फाइली आणि जुनं आउटपुट जपणं, नव्या नावानं नवं फंक्शन, जुनं तसंच, तिघांशी बोलणं. यानंतर लगेच २.० काढू नका, आधी १ च्या मालिकेतच एक व्हर्जन काढा ज्यात नवं फंक्शन जास्तीचं म्हणून येतं आणि जुनं जागेवर असतं. यात कुणाचं काही मोडायचं कारण नाही. मग एका केंद्रावर, जिथला ऑपरेटर जरा हुशार आणि शांत आहे असं केंद्र बघून, एक पूर्ण दहा दिवसांचं बिल दोन्हीकडनं काढा, जुन्यानं खरं आणि नव्यानं सावलीसारखं, आणि दोन्ही बिलं सभासदवार शेजारी ठेवा. दहा दिवसच का, तर महिन्याच्या १ ते १० तारखा. तारखेची उलटापालट बाराच्या आतच होते, तुम्ही २१ ते ३० ला चाचणी घेतलीत तर सगळं हिरवंगार दिसेल. २.० पुढं कधीतरी काढाल तेव्हा त्यात जुनं फंक्शन काढून टाका, म्हणजे हाक मारणारा जोरात पडेल. जुन्या नावाला नवा अर्थ देऊ नका, एवढं एक माझ्यासाठी पाळा.

२.० आधी रिलीज कँडिडेट, म्हणजे शेवटच्या तपासणीचं व्हर्जन, म्हणून टाका, पिप (लायब्रऱ्या इन्स्टॉल करणारं पायथनचं साधन) ते आपणहून उचलत नाही, मुद्दाम मागावं लागतं, म्हणून सेफ. चुकलंच तर पायपीआयवर (पिप जिथनं लायब्रऱ्या घेतं त्या साइटवर) ते व्हर्जन यँक करता येतं: ज्यानं नेमकं तेच बांधलंय त्याला मिळतं, बाकीच्यांना नाही. एकदा गेलेली फाइल त्याच नावानं परत चढवता येत नाही, तेव्हा गुपचूप दुरुस्त करून तोच नंबर ठेवू हा विचार सोडा.

किती दिवस जुनं ठेवायचं हे तुम्ही विचारलं नाहीये पण तिघंही विचारतील. मोठ्या लायब्रऱ्यांत साधारण असं दिसतं की पांडाजनं सीएसव्ही वाचतानाचा खराब ओळींचा जुना पॅरामीटर २०२१ मधे १.३ ला जुना ठरवला आणि २०२३ मधे २.० ला काढला, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. तुमच्याकडं तीनच माणसं आहेत, एक वर्ष पुष्कळ झालं. फक्त तारीख महिन्यावरनं ठरवू नका, दुधाच्या वर्षावरनं ठरवा. दिवाळीच्या आधी संस्था वर्षभराच्या लिटरवर फरक आणि रिबेट काढतात, तेव्हा वर्षभराच्या जुन्या फाइली परत एकदा वाचल्या जातात, आणि त्या तुमच्या जुन्या फंक्शननं वाचलेल्या आकड्यांशीच जुळायला पाहिजेत. दसरा ते दिवाळी काहीही सोडायचं नाही, पॅचसुद्धा नाही. एक दिवाळी जुन्यावर काढा, मग काढा जुनं.

नन का शून्य यावर माझं मत अजून पक्कं नाहीये, ते तुमच्या फाइलींवर आहे. रिकामी फॅट ही मशीन बंद असल्यामुळं येते, का ऑपरेटर दूध नाकारताना मुद्दाम रिकामी सोडतो? दुसरं असेल तर ती माहिती आहे, आणि तिला नन पण पुरायचा नाही, वेगळी खूण लागेल. फाइली गोळा झाल्या की एका महिन्यात अशा किती ओळी निघतात, कुठल्या केंद्रावर आणि सकाळच्या का संध्याकाळच्या, एवढं मोजा आणि कळवा, मग त्याच्यावर बोलू.